दोन टाके

मी पायानं इस्त्री करतो. हातानं करणारे हल्ली गल्लोगल्ली झालेत, त्यांना मी इस्त्रीवाले मानत नाही. माझी इस्त्री बिडाची, चांगली पंचवीस किलोची, लांब दांड्याची. चुलीवर तापवायची, जमिनीलगतच्या फळीवर कपडा पसरायचा, तोंडात पाणी घेऊन फुर्रकन फवारा मारायचा, आणि दांडा धरून इस्त्रीवर पाय देऊन ढकलायची. इजिप्तमधल्या आमच्या सगळ्या झगाझिग शहरात असं काम करणारा आता मी एकटा उरलोय. जाडं कापड, लोकर, लष्करी गणवेश, सगळं शेवटी माझ्याकडेच येतं, उस्ता हनफीकडे; उस्ता म्हणतात ते कसबी माणसालाच.

आमच्या धंद्यात कपड्यावर खूण घालतात. कॉलरच्या आत, ज्याच्या त्याच्या घराच्या रंगाचा दोरा. माझ्या घराचा दोरा लाल. थोरल्या रिफातच्या कॉलरला एक टाका, धाकट्या वगदीच्या कॉलरला दोन. शाळेत असल्यापासून हे चालत आलंय. दोघांचे सदरे एकाच ताग्यातले, रोज सकाळी त्यावरून मारामारी, म्हणून त्यांच्या आईनंच हा तोडगा काढला होता.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकनं एका पहाटे कुवेत गिळलं आणि आमच्या सरकारनं ठरवलं की इजिप्तची फौज तिकडे जाणार. तेव्हा रिफात बगदादला एका बेकरीत भट्टीवर होता. चार वर्षं झाली होती. जुलैनंतर त्याचं पत्र नाही, फोन लागत नव्हता. वगदी फौजेत होता, सक्तीची नोकरी, सुटायला सात महिने बाकी. म्हणजे माझा एक मुलगा इराकमध्ये आणि दुसरा इराकशी लढायला निघालेला. एवढं समजून घ्या आणि मग मला सांगा की मी तापट आहे.

कॉफीच्या दुकानात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. सगळ्यात मोठा आवाज कापडवाल्या हाजी बयूमींचा.

"पाठवायलाच हवी फौज!" ते टेबलावर हात आपटून म्हणायचे. "शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? सातव्या शेजाऱ्यापर्यंत हक्क सांगितलाय आपल्यात."

"मोजू या की," मी म्हणालो. "समुद्र ओलांडला की सौदी. मग कुवेत. सातव्याच्या आतच पुढे कोण येतो? इराकच येतो की हो!"

सगळे हसले. हाजी तांबडेलाल झाले. "तू फाटे फोडू नकोस, उस्ता. करार झालेत. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला."

"करार आमच्या वेळीही होते. यमनच्या लढाईला नेलं तेव्हा म्हणाले, दहा दिवसांचं काम आहे. मी साडेतीन वर्षांनी आलो. माझा भाऊ शुक्री अजून यायचाय. दुसऱ्याच्या घरासाठी मरून पाहिलंय आम्ही, हाजी. त्या घरातलं कुणी आजवर विचारायला आलं नाही की तुझ्या भावाला पुरलंय कुठे."

"म्हणून काय चोरानं घरं लुटावीत आणि आपण बसून बघावं?"

"बसू नका. मम्दूहला पाठवा. तुमचा मम्दूह कुठल्या पलटणीत आहे?"

मम्दूह कुठल्याच पलटणीत नव्हता. एकुलत्या एका मुलाला आमची फौज नेत नाही, तसा कायदाच आहे, आणि मम्दूह सहा बहिणींवरचा एकुलता एक. कायद्यात आहे ते आहे, त्याबद्दल मी पोराला बोल लावत नाही. पण बाप लोकांच्या पोरांना लढायला पाठवतोय, आणि तेही साखर ढवळत ढवळत. आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी तसं तोंडावर म्हणालो आणि चहा अर्धा टाकून उठलो.

सप्टेंबरात आमच्या वरच्या मजल्यावरच्या अवातिफबाई परत आल्या. सोळा वर्षं कुवेतला शिकवत होत्या. इराकमधून, जॉर्डनमधून, मिळेल त्या गाडीनं आणि पुष्कळसं पायी, मग बोटीनं. पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच एक झगा घेऊन दुकानात आल्या.

"एवढाच आहे, उस्ता. संध्याकाळपर्यंत द्या. तोवर बहिणीचा घातलाय."

मी पाण्याचा फवारा मारला. वगदी त्याच दिवशी चार दिवसांच्या रजेवर आला होता. त्यांची पलटण पुढच्या आठवड्यात सुवेझहून बोटीत बसणार होती. तो दाराशी बसून काकडी खात होता. माझ्या जिभेला हाड नाही, मी विचारलं, "बाई, खरं सांगा. त्या शेखांनी सोळा वर्षांत तुम्हाला कधी पुढच्या दारानं घरात घेतलं?"

"नाही."

"पासपोर्ट कुणाकडे असायचा?"

"ज्यानं कामावर ठेवलं त्याच्या कपाटात. सुट्टीला घरी यायचं तर हात जोडून मागावा लागायचा."

"मग? त्यांच्यासाठी माझ्या पोरानं वाळवंटात जायचं?"

बाईंनी खिशातली किल्ली काढून फळीवर ठेवली. कुवेतच्या त्यांच्या घराची किल्ली, लाल प्लॅस्टिकच्या फितीला बांधलेली.

"उस्ता, माझं त्या लोकांशी भांडण आहे. पोतंभर भांडण आहे. सोळा वर्षं साठवलंय. पण ते भांडायला मी त्यांच्या दारात जाणार ना? दारच उखडून नेलं, तर भांडायला जाऊ कुठे? चोर शिरला की शेजारी आधी काय विचारतो, घरमालक स्वभावानं कसा आहे?"

मी इस्त्री ढकलत राहिलो. वगदी काकडी खायचा थांबला होता. बाई गेल्यावर म्हणाला, "खरं बोलल्या त्या."

"तू गप. तुला काय कळतं?"

"मला जायची हौस नाही, बाबा. पण खरं बोलल्या."

पोरगा जबरदस्तीनं जातोय म्हणून मी सरकारला शिव्या देत होतो, तेवढाच मला आधार होता. आता पोराला ते पटायला लागलं तर मी शिव्या कुणाला द्यायच्या?

म्हणून मी लबीबकडे गेलो. लबीब कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. त्यानं माझं सगळं ऐकलं, सिगारेट पेटवली आणि म्हणाला, "उस्ता, तुला मुलं किती?"

"दोन. तुला माहीत नाही का?"

"तिथंच तर घोडं अडलंय. एक असता तर वगदी कधीच घरी आला असता." मग आवाज खाली आणून, "रिफातचं पत्र नाही. फोन नाही. इराकमध्ये काय चाललंय कोण पाहायला जातंय? त्याच्याबरोबरचे दोघं जण परत आले आणि त्यांनी सांगितलं की तो गेला, असं दोन साक्षीदार म्हणाले, तर मृत्यूचा दाखला निघतो. दाखला निघाला की वगदी एकुलता एक. चार दिवसांत सुटका. पुढे रिफात आला तर अल्लाची कृपा, म्हणू चूक झाली. सुंठीवाचून खोकला गेला!"

मी उठून त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. यमनला जाण्यापूर्वीचा हनफी असता तर वाजवलीही असती. मी विचारलं, "कागदाला किती वेळ लागेल?"

त्यानं तिथंच टाइप केला. मी तो घडी करून आणला आणि घराला लागूनच्या दुकानात इस्त्रीच्या फळीवरच्या चादरीखाली सरकवला. एक साक्षीदार लबीबनं स्वतः मिळवून दिला, दुसरा मला आणायचा होता. दोन दिवस त्या फळीवर इस्त्री करताना पाय जड होत होता. मी मनाला समजावत होतो की कागदच आहे, कागदावर मेल्यानं कुणी मरतं का?

दुसरा साक्षीदार म्हणून मी कुणाकडे गेलो असेन? हाजी बयूमींकडे. दाढीवाला माणूस, हज केलेला, त्यांचा शब्द सरकारी कचेरीच्या खिडकीवरच्या कारकुनाला पटणार. मला वाटलं होतं, मला हाकलून देतील. मनातून तेच हवं होतं. हाजींनी दार लावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "शेजाऱ्यासाठी एवढंही करायचं नाही का, उस्ता? चल, उद्या खिडकी उघडायच्या आधीच जाऊ."

"पण तुम्ही तर म्हणता फौज गेलीच पाहिजे."

"फौज वेगळी, आपला वगदी वेगळा."

तो चहा मी प्यायलो. खोटं सांगत नाही, सगळा प्यायलो.

दुपारची नमाज होऊन गेली होती. हाजी माझ्याबरोबर कागद वाचायला म्हणून निघाले. गल्लीच्या तोंडाशी आलो तर माझ्या दारासमोर खुर्च्या मांडलेल्या. कॉफीच्या दुकानातल्या खुर्च्या, दोन ओळी. खिडकीतून कुराणाची कॅसेट चालू. समोरचा न्हावी साबेर, त्याचे दोघं भाऊ, वरच्या मजल्यावरचे सगळे येऊन बसलेले. माझी बायको इन्शिराह दारात उभी, नखशिखांत काळ्या कपड्यांत, आणि घरातून बिनसाखरेच्या कॉफीचा वास.

आमच्याकडे ती कॉफी एकाच कामाला करतात, घरात कुणी गेलं की.

मी हाजींची बाही धरली. रिफात. बातमी आली. मी कागदावर लिहिलं आणि वर कुणीतरी वाचलं. दुसरं काही डोक्यात येईना. माणसं उठून माझे हात धरत होती, काहीबाही म्हणत होती, मला कॅसेटच तेवढी ऐकू येत होती.

इतक्यात वगदी आतून आला. झोपला होता, बनियनवर, डोळे चोळत. साबेरनं धावत जाऊन त्याला मिठी मारली आणि आम्ही अशा वेळी जे म्हणतो तेच म्हणाला, "त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, बाळा."

"कुणाचं?" वगदी म्हणाला.

आयुष्यभर मी हे वाक्य म्हणत आलोय, शेकडो दारांत. तोंडातून निघतं आणि संपतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला. मी नेमकं तेच करायला निघालो होतो. रिफातचं उरलेलं आयुष्य कापून वगदीच्या अंगावर बेतायला.

इन्शिराहनं कप पुढे केला. "बसा, रिफातचे बाबा. कॉफी घ्या. थोरला गेला तुमचा."

"कधी?" मी विचारलं. "कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं. लिहून ठेवलंय." तिनं कमरेचा कागद काढला. "चादर धुवायला काढली तर खाली हा. मला वाचता येत नाही, म्हणून लपवायला सोपं गेलं, नाही? पण माझ्या पोरांची नावं मला दिसली की ओळखू येतात. म्हटलं, रिफातचं नाव आहे, पत्र आलं असेल. नाचत नाचत वर गेले, बाईंकडून वाचून घ्यायला."

अवातिफबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

कॅसेट कुणीतरी बंद केली. एक सांगतो, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. बातमी आली नव्हती! पोरगा जिवंत असेल, नसेल, पण बातमी आली नव्हती. मी चक्क हसलो, आणि ते हसू तिनं पाहिलं.

"हसता काय? प्या!" ती कडाडली. "मेला म्हणता ना, मग पुरता मरू द्या. मी काळं घातलंय, माणसं जमलीत, चाळीस दिवस पाळू. का फक्त खिडकीपुरता मेलाय? घरात यायचं झालं तर जिवंत? हे कप कुणासाठी उकळलेत मग? आणि हाजी, तुम्ही का उभे? तुम्ही साक्षीदार ना? बघितला होता ना माझ्या रिफातला मेलेला? चेहरा कसा होता हो? डोळे मिटलेले होते का?"

हाजी चपला ओढत मागे सरकले.

"आई," वगदी म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. उभ्यानंच, सगळा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, सुटायचं तर मी माझ्या नावानं सुटेन. भावाच्या अंगावरनं नाही."

"अरे, तुला घेऊन जातायत ते! शुक्रीला नेलं तसं!" मी ओरडलो. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "मी एक भाऊ दिलाय. एक मुलगा देवानं कुठे ठेवलाय माहीत नाही. तुला पण देऊ? कशासाठी? त्या शेखांच्या किल्ल्यांसाठी?"

"शेखांच्या नाही," वगदी म्हणाला. "बाईंच्या."

"येडा आहेस तू!"

"असेन. पण तुम्ही मला चोर करताय."

इन्शिराह अजून कप धरून उभी होती. "कुवेत, बगदाद, फौज जावी, न जावी, मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "ते तुम्ही पुरुष दुकानात बसून ठरवा. मला दोन कळतात. मी दोन जन्माला घातलेत. एकाला वाचवायला दुसऱ्याला गाडा असं सांगणारा राजा असो, सरकार असो, नाहीतर नवरा असो, माझ्या दारात त्याला ही कॉफी मिळेल. मोठ्यानं सांगा सगळ्यांसमोर. किती मुलं आहेत तुम्हाला?"

मी कप घेतला. सगळी गल्ली माझ्या ओठांकडे बघत होती. मी तो उंबऱ्याबाहेर रस्त्यावर ओतला, तळातल्या गाळासकट.

"दोन," मी म्हणालो. मग पुन्हा, जोरानं, कारण साबेर कानानं अधू आहे. "दोन! दोन्ही जिवंत! उठा आता, घरी जा, कुणी मेलेलं नाही इथं. खुर्च्या तेवढ्या परत पोचवा."

हाजी निघाले होते. मी त्यांना सोडलं नाही. "हाजी, ऐकून जा! उद्या कॉफीच्या दुकानात या, मी पुन्हा तेच म्हणणार आहे. फौज पाठवू नका. आपल्या पोरांना दुसऱ्याच्या वाळूत पुरायला पाठवू नका. वगदी गेला तरी म्हणणार, परत आला तरी म्हणणार. मंत्री येऊ दे, त्याच्या तोंडावर म्हणेन. पण हे म्हणायचं तर माझा पोरगा त्या रांगेत उभा असला पाहिजे. घरात लपवून ठेवलेल्या पोराच्या बापाला तोंड नसतं, हाजी. तुम्हाला कसं आहे तेच मला कळत नाही!"

साबेर पहिल्यांदा हसला. मग त्याचे भाऊ. हाजी त्यानंतर दोन महिने दुसऱ्या दुकानात चहा प्यायला जात होते.

कागद मी चुलीत घातला. इस्त्री तापवायला आग हवीच होती, वगदीचा गणवेश राहिला होता.

चौथ्या दिवशी सकाळी तो निघाला. गणवेश मी स्वतः केला, दोनदा पाणी मारून, घडी अशी की हात लावला तर कापेल. इन्शिराहनं त्याच्या पिशवीत इतकं काही कोंबलं होतं की चेन लागेना. अवातिफबाईंनी काही दिलं नाही, फक्त त्याचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. किल्ली दिली असती तर मी ती परत फेकली असती, हे त्यांना बहुतेक माहीत होतं.

सदरा अंगात घालताना त्याचा हात कॉलरशी थबकला. आत बोट घालून त्यानं चाचपलं.

"बाबा, हे काय? फौजेत असली खूण चालत नाही. काढायला लावतील."

"लावू दे. म्हणावं, झगाझिगला येऊन माझ्याशी बोला."

"वाळवंटात कोण बघणार आहे माझी कॉलर?"

लाल दोऱ्याचे दोन टाके. रात्रीच घातले होते, दुहेरी गाठीचे, सहज उसवू नयेत म्हणून. मी त्याची कॉलर सरळ केली.

"तिकडे समोरनं एखादा येईल," मी म्हणालो. "अंगावर कुणाचा का गणवेश असेना. बंदूक उचलायच्या आधी त्याची कॉलर बघ. एक टाका असेल, तर तुझा भाऊ आहे."